पेट्रोल जास्त लागतंय? दोष आपलाच कशावरून!

"बायकांना काय कळतंय गाडीतलं?" हे वाक्य ऐकलं नाही अशी गाडी चालवणारी बाई विरळाच. जव्हार-मोखाड्याच्या रस्त्यांवर शिक्षिका, नर्सताई स्वतः गाडी चालवत कामावर जातात. आणि गाडी जरा जास्त पेट्रोल प्यायला लागली की घरात पहिला आरोप ठरलेला, 'हिलाच नीट चालवता येत नाही!' मैत्रिणींनो, हा आरोप मुकाट्यानं ऐकून घेऊ नका.

पूर्वी गाडीत कार्बोरेटर असायचा. थंडीत चोक ओढायचा, पेट्रोलचं प्रमाण मेकॅनिकनं स्क्रू फिरवून लावायचं. २००० च्या सुमारास आपल्याकडच्या नव्या कारमधून तो हद्दपार होऊ लागला आणि इंजेक्शन आलं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले, तेव्हा बहुतेक नव्या स्कूटरमध्येही तेच आलं. आता पेट्रोल किती सोडायचं हे ईसीयू नावाचा छोटा संगणक ठरवतो. पण त्याला स्वतःचे डोळे नाहीत. सेन्सर सांगतील तेच त्याला खरं!

एक सेन्सर सांगतो, अ‍ॅक्सिलरेटर किती दाबलाय. दुसरा हवेचा दाब मोजतो. जव्हार साधारण साडेचारशे मीटर उंचावर. किनाऱ्याकडून घाट चढून आलं की हवा किंचित विरळ होते, मग पेट्रोलही तेवढं कमी सोडलं जातं. तिसरा इंजिन गार की गरम ते सांगतो. आणि धुराच्या नळीतला ऑक्सिजन सेन्सर? आपण आमटी चाखून मीठ बघतो ना, तसा तो धूर 'चाखून' पेट्रोल जास्त झालं की कमी, ते कळवतो.

आता समजा, इंजिन तापलं तरी तिसरा सेन्सर 'गारच आहे' म्हणत राहिला, तर संगणक बिचारा पेट्रोल वाढवतच राहणार. अ‍ॅव्हरेज पडणार, प्लग काळा होणार, आणि बोलणी मात्र आपण खाणार!

म्हणून इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला तर दुर्लक्ष करू नका. दिवा लुकलुकत असेल तर गाडी बाजूला घेऊन बंदच करा. गॅरेजमध्ये 'सेन्सर गेलाय, बदलावा लागेल' असं कुणी म्हणालं, तर लगेच पैसे काढू नका. 'स्कॅनर लावा, कोड दाखवा' असं स्पष्ट सांगा. कोड हे लक्षण असतं, निदान नव्हे. आपल्याकडच्या धो-धो पावसात वायरच्या जोडात ओल शिरते, उंदीर वायरी कुरतडतात. आधी ते तपासायला लावा. पाच मिनिटांच्या कामासाठी हजारो रुपये कशाला घालवायचे?

आणखी एक. स्कॅनर आणि तो वाचता येणारा माणूस तालुक्यातच हवा. रात्री-अपरात्री बाळंतिणीला घेऊन निघालेली जीप तोरंगण घाटात बंद पडली, तर नाशिकचं मोठं गॅरेज काय कामाचं? आयटीआयच्या मोटार मेकॅनिक ट्रेडला मुलींनाही प्रवेश असतो. हे काम आता नुसतं पाने फिरवण्याचं राहिलेलं नाही, वाचून, विचार करून निदान करण्याचं झालंय. आपल्या हुशार लेकींना तिकडे का पाठवू नये? मोखाड्याच्या नाक्यावर एखादी ताई स्कॅनर हातात घेऊन उभी राहिली, तर गाडीतलं कुणाला कळतं हा प्रश्नच उरणार नाही.