फाइल उघडणाऱ्याचा दोष किती?

फसव्या ईमेलचा विषय निघाला की बहुतेक कार्यालयांत एकच सूचना फिरते: अनोळखी माणसाने पाठवलेली फाइल उघडू नका. सूचना चुकीची नाही, पण सारी भिस्त तिच्यावर ठेवणे धोक्याचे आहे. नोकरभरती पाहणाऱ्याचे कामच अनोळखी उमेदवारांचे अर्ज उघडण्याचे असते. हिशेब पाहणाऱ्याकडे नव्या पुरवठादारांची बिले येतच राहतात. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेशाच्या मध्यवर्ती बँकेचे ८ कोटी १० लाख डॉलर तिच्या न्यूयॉर्कमधल्या खात्यातून पळवले गेले. अमेरिकी तपास यंत्रणेने २०१८ मध्ये न्यायालयात मांडलेल्या तपशिलानुसार, चोरीच्या साधारण वर्षभर आधी बँकेच्या कर्मचाऱ्यांना एका उमेदवाराच्या नावाने अदबशीर ईमेल आले होते आणि त्यांतल्या बायोडेटाच्या लिंकआड घातक प्रोग्राम होता. असा अर्ज पाहणाऱ्याला बेफिकीर म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

बरे, ओळखीच्यांची पत्रे तरी सुरक्षित असतात का? ४ मे २००० रोजी जगभर पसरलेला ‘आय लव्ह यू’ व्हायरस एखाद्याच्या संगणकात शिरला की त्याच्या अ‍ॅड्रेस बुकमधल्या सगळ्यांना स्वतःच पत्र धाडत असे. म्हणजे पुढच्याला ते ओळखीच्या माणसाकडूनच यायचे. सोबतच्या फाइलच्या नावात आधी ‘टीएक्सटी’ आणि अगदी शेवटी, ती प्रोग्राम असल्याची खूण म्हणजे ‘व्हीबीएस’ होते, पण विंडोज ही शेवटची अक्षरे मुळातच लपवत असल्यामुळे ती साधी मजकुराची फाइल वाटे. जी खूण पाहून माणसाने सावध व्हायचे, तीच यंत्राने झाकून ठेवली होती.

म्हणून फाइल उघडणे सुरक्षित करण्याची पहिली जबाबदारी यंत्रणा उभारणाऱ्यांची आहे. वर्ड आणि एक्सेलच्या फाइलींत मॅक्रो नावाचे छोटे प्रोग्राम दडवून चोरांनी वर्षानुवर्षे धुमाकूळ घातला. पिवळ्या पट्टीवरचे एक बटण दाबले की मॅक्रो चालू होई, आणि ‘मजकूर दिसण्यासाठी बटण दाबा’ असे त्या फाइलमध्येच लिहिलेले असे. २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतले मॅक्रो आपणहून अडवायला सुरुवात केली. यावर म्हटले जाते की चोर लगेच दुसऱ्या प्रकारच्या फाइलींकडे वळले. वळलेच, वननोटच्या फाइली त्यांनी वापरून पाहिल्या. पण पुढे तिथेही अडथळे उभे राहिले. दर वेळी चोराला नव्याने खटपट करावी लागते आणि सगळा भार कर्मचाऱ्यांच्या सावधपणावर पडत नाही. दुसरा आक्षेप खर्चाचा: लहान पतसंस्थेला किंवा शाळेला हे कसे परवडावे? रोजच्या वापराच्या खात्याला नवे प्रोग्राम बसवण्याचा अधिकार न देणे, अपडेट न टाळणे, फाइलींची एक प्रत संगणकाला न जोडलेल्या डिस्कवर ठेवणे, पुरवठादाराचे बँक खाते बदलल्याचा ईमेल आला तर आधीपासून नोंदवलेल्या नंबरवर फोन करून खात्री करणे, याला पैशांपेक्षा शिस्त जास्त लागते.

माणसाची जबाबदारी यातून संपत नाही. आपल्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका किंवा आरटीओचे चलन म्हणून एपीके, म्हणजे अ‍ॅप बसवणाऱ्या, फाइली येतात. बाहेरून आलेले असे अ‍ॅप अँड्रॉइड आधी अडवते. पुढची परवानगी आपण देतो. तेव्हा लोकांना मोघम भीती घालण्याऐवजी नेमके सांगावे: पत्रिका वाचायला अ‍ॅप बसवावे लागत नाही. आणि चूक झालेल्या माणसाला साहेबांच्या रागाची धास्ती वाटली, तर तो ती लपवेल आणि चोराला तेवढा वेळ मिळेल. ‘मी फाइल उघडली’ असे सांगत येणाऱ्यावर ओरडू नका. तो संगणक आधी नेटवर्कपासून तोडा, आणि पैसे गेले असतील तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा.