विश्लेषण : जंगल नसलेल्या परभणीत लाकूड येते कुठून?

परभणी जिल्ह्याचे वनक्षेत्र एकूण भूभागाच्या जेमतेम एक टक्क्याच्या आसपास आहे. राष्ट्रीय वननीतीचे उद्दिष्ट मात्र एक तृतीयांशाचे. तरीही जिल्ह्यातल्या रस्त्यांवर ओंडक्यांनी भरलेले ट्रॅक्टर दिसतात. हे लाकूड मुख्यतः शेताच्या बांधावरचे, त्यातही बाभळीचे.

गाव बाभळीवर चालायचे

गोदावरी, दुधना, पूर्णेकाठच्या काळ्या मातीत बाभूळ न लावता उगवते. नांगर, वखर, तिफण, गाडीच्या चाकाचा तुंबा हे सारे तिचेच. तोडलेले ओंडके महिनोन् महिने पाण्यात बुडवून ठेवत, म्हणजे कीड लागत नसे. सुताराला वर्षभराच्या कामाचे बलुते सुगीत धान्याने मिळे. साल चामडे कमावायला, शेंगा शेळ्यांना, फांद्या कुंपणाला, काटक्या चुलीला. (पायात मोडलेला काटा तेवढा फुकट!) माळवदाच्या तुळयांना लागणारा साग इथला नव्हे, मराठवाड्यातले सागाचे मोठे जंगल किनवट-माहूरच्या डोंगरात.

मग बिघडले काय?

लोखंडी अवजारे, ट्रॅक्टर आणि गॅस आल्यावर बाभळीला उसंत मिळायला हवी होती. झाले उलटे. गरजेपुरते एखादे झाड तोडणारा शेतकरीच आता तिला पिकावरची सावली आणि ट्रॅक्टर वळवताना येणारी अडचण समजतो. पेरणी, दवाखाना, लग्न असा खर्च निघाला की उभे झाड नजरेच्या अंदाजाने विकले जाते आणि यंत्रकरवत ते तासाभरात आडवे करते.

कायदा काय म्हणतो?

१९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमानुसार साग, आंबा, चिंच, मोह अशा अनुसूचित झाडांसाठी परवानगी लागते. त्या यादीत बाभूळ नाही. शहरी हद्दीत मात्र १९७५ चा वेगळा कायदा झाडांना संरक्षण देतो. बाभूळही यादीत टाका, ही सूचना सोपी वाटते, पण घातक आहे. उद्या परवानगीसाठी हेलपाटे पडणार असतील तर शेतकरी आजच रोप उपटून टाकेल. झाड राखणे त्याला परवडले पाहिजे आणि त्यासाठी आधी त्याचे मोल कळले पाहिजे. कापसाचा भाव मोबाइलवर मिळतो; बाभळीचा भाव मात्र ती घ्यायला आलेला माणूसच सांगतो.

सौद्याआधी मोजा

लाकूड व्यापारातले जुने सूत्र असे : ओंडक्याच्या मधला घेर इंचात मोजून त्याला ४ ने भागा, उत्तराचा वर्ग करा, फुटातल्या लांबीने गुणा आणि १४४ ने भागा. ४० इंच घेर आणि १० फूट लांबी असेल, तर सुमारे ७ घनफूट. हे सूत्रही घेणाऱ्याच्याच सोयीचे आहे. गोल ओंडक्याच्या प्रत्यक्ष आकारमानापेक्षा ते सुमारे २१ टक्के कमी भरते, म्हणून दर ठरवताना आकडा कोणत्या पद्धतीने काढला हे आधी विचारावे.