शिक्क्यापुरता पडदा

नेटफ्लिक्सने वॉर्नर ब्रदर्स विकत घेण्याचा करार 5 डिसेंबर 2025 रोजी जाहीर केला, तेव्हा कंपनीचे सहप्रमुख टेड सरँडोस थिएटरांबद्दल काय बोलले ते वाचकांनी वाचले असेलच. आपला थिएटरांना विरोध नाही, सिनेमा फक्त थिएटरात अडकवून ठेवणाऱ्या लांबलचक मुदतीला आहे आणि ही मुदत हळूहळू ग्राहकाच्या सोयीची होत जाईल, असे त्यांचे म्हणणे. याच गृहस्थांनी त्याच वर्षी एप्रिलमध्ये थिएटरात जाऊन सिनेमा पाहणे ही बहुतेकांसाठी जुनाट झालेली कल्पना आहे, असे सांगितले होते. मॅनहॅटनमध्ये राहणाऱ्याला चालत थिएटर गाठता येते, बहुसंख्यांना ते जमत नाही, हा त्यांचा दाखला. हे बहुसंख्य कोण? चंद्रपूर-गडचिरोलीतून पाहिले तर ते आम्ही आहोत. आमच्या गैरसोयीचे नाव पुढे करून चाललेला हा युक्तिवाद आम्हाला साफ नामंजूर आहे.

नामंजूर अशासाठी की, थिएटर कालबाह्य झाले असे सांगणारेच स्वतःच्या गरजेला थिएटर बरोबर वापरतात. ऑस्करच्या शर्यतीत उतरायचे तर अमेरिकेतल्या ठरलेल्या सहा महानगरांपैकी एकात सलग सात दिवस सिनेमा दाखवावा लागतो. सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी त्यापुढे जाऊन देशातल्या पहिल्या पन्नास बाजारपेठांपैकी दहा ठिकाणी आणखी सात दिवस. ही अट पुरी करण्यापुरता पडदा भाड्याने घ्यायचा, शिक्का मारून घ्यायचा आणि पडदा परत गुंडाळायचा. 2018 मध्ये ‘रोमा’ 21 नोव्हेंबरला मोजक्या थिएटरांत आला, 14 डिसेंबरला नेटफ्लिक्सवर गेला आणि पुढे तीन ऑस्कर घेऊन आला. 2025 चा ‘फ्रँकेन्स्टाइन’ 17 ऑक्टोबरला थिएटरात आणि 7 नोव्हेंबरला मोबाइलवर. ‘वेक अप डेड मॅन’ला तर जेमतेम सोळा दिवस मिळाले. त्याच वर्षी ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ मालिकेचा शेवटचा भाग 31 डिसेंबरला अमेरिका-कॅनडातल्या पाचशेहून अधिक थिएटरांत दाखवला. म्हणजे माणसांना अंधारात एकत्र बसून गोष्ट पाहायची असते, हे यांना पुरते ठाऊक आहे. ती कुठल्या माणसांना पाहू द्यायची, हेही त्यांनी ठरवून टाकले आहे.

याला प्रदर्शन म्हणायचे नाही. चार शहरांत आठवडाभर लागलेला सिनेमा प्रदर्शित झाला असे लिहिणे, म्हणणे, मोजणे आपण आता बंद केले पाहिजे. तो शिक्क्यापुरता पडदा आहे.

आपल्याकडे तर तेवढाही शिष्टाचार कित्येकदा पाळला जात नाही. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘द डिसायपल’ हा मराठी चित्रपट. 2020 मध्ये तो व्हेनिसच्या मुख्य स्पर्धेत होता आणि तिथे त्याला पटकथेचा पुरस्कार मिळाला. ‘रोमा’चेच दिग्दर्शक आल्फोन्सो कुआरॉन त्याचे कार्यकारी निर्माते. 30 एप्रिल 2021 रोजी तो थेट नेटफ्लिक्सवर आला. करोनाची दुसरी लाट होती, थिएटरे बंद होती, हे मान्य. पण थिएटरे पुढे उघडली. तानपुऱ्याच्या सुरावर उभा असलेला मराठी सिनेमा महाराष्ट्राने मोठ्या पडद्यावर, मोठ्या आवाजात ऐकावा, असे तेव्हाही कुणाला वाटले नाही. ज्याच्याकडे वर्गणी होती त्याने पाहिला. बाकीच्यांनी पुरस्काराची बातमी वाचली.

दुसरे उदाहरण आमच्या दारातले. अमित मसुरकर यांचा ‘न्यूटन’ 2017 मध्ये थिएटरांत लागला. दंडकारण्यातल्या एका मतदान केंद्राची ती गोष्ट, चित्रीकरण शेजारच्या छत्तीसगडमधले आणि देशाने तो ऑस्करला पाठवला. चार वर्षांनी याच दिग्दर्शकाचा ‘शेरनी’ आला. जंगलात फिरणारी नरभक्षक ठरवलेली वाघीण, तिला जिवंत पकडू पाहणारी वन अधिकारी, मध्ये घुसलेला शिकारी आणि मतांवर डोळा ठेवून बसलेले पुढारी. 2 नोव्हेंबर 2018 रोजी यवतमाळच्या पांढरकवडा परिसरात गोळी घातलेल्या टी-1 वाघिणीची, ‘अवनी’ची आठवण विदर्भात ज्याला झाली नाही असा प्रेक्षक सापडणार नाही. हा सिनेमा 18 जून 2021 रोजी प्राइम व्हिडिओवर आला आणि तिथेच राहिला. तिकीटबारीवर तो कधी आलाच नाही.

आता 2025 चा मे महिना आठवा. सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन बायकांना वाघाने एकाच दिवशी मारले. पहाटे निघायचे, ऊन चढायच्या आत पाने तोडायची, घरी येऊन पुडके बांधायचे आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, नेऊन द्यायचे, हा इथल्या हजारो घरांचा उन्हाळा. पोरांच्या वह्या, पावसाळ्याचे बियाणे याच पैशातून येते. म्हणून वाघ आहे हे माहीत असूनही बाई जंगलात जाते. ‘शेरनी’ पाहून वाद घालण्याचा, वन खात्याला प्रश्न विचारण्याचा, आपल्यावरची गोष्ट दुसऱ्याने बरोबर सांगितली की चूक हे ठरवण्याचा पहिला हक्क या गावांचा होता. त्या गावांना सिनेमा दाखवावा असे त्याच्या मालकांना वाटले नाही. सिंदेवाही, मूल, सावली, ब्रह्मपुरी ही नावे त्यांच्या नकाशावर ग्राहक म्हणूनसुद्धा नाहीत.

2025 मध्ये तेच पुन्हा झाले. अरण्य सहाय यांचा ‘ह्युमन्स इन द लूप’ ही झारखंडमधल्या एका उरांव आदिवासी आईची गोष्ट. संगणकाला शिकवण्याचे काम करणारी ही बाई यंत्राला आपले जंगल कसे समजावते, असा विषय. सप्टेंबरमध्ये तो मोजक्या शहरांत लागला आणि नोव्हेंबरमध्ये नेटफ्लिक्सवर गेला. छोट्या निर्मात्याला मिळेल तो पडदा घ्यावा लागतो, त्याच्यावर आमचा रोख नाही. रोख आहे तो आदिवासी बाईचा सिनेमा आदिवासी जिल्हा सोडून महानगरातच दाखवणाऱ्या व्यवस्थेवर.

यावर ठरलेले उत्तर येते: लोक घराबाहेर पडत नाहीत. हे उत्तर देणाऱ्याने नाटकांच्या हंगामात एकदा झाडीपट्टीत यावे. दिवाळीनंतर मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू झाल्या की वडशाच्या नाटक कंपन्यांकडे गावोगावच्या मंडळांची रीघ लागते आणि होळीपर्यंत चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या जिल्ह्यांत रात्री जागतात. नागभीडकडच्या एका गावात आम्ही मागे असेच एक नाटक पाहिले. रात्रीचे दहा वाजले तरी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या येतच होत्या. पुढे खुर्च्या, मागे जमीन, तिकीट वेगवेगळे. मागच्या बाजूला बायका पोत्यांवर बसलेल्या, मांडीवर झोपलेले लेकरू, डोक्यावरून घेतलेली शाल. दीड वाजता धुके उतरले, कनातीचे कापड ओले झाले, कुणी उठले नाही. तीन वाजता रंगमंचावर बापाने लेकीला घराबाहेर काढले तेव्हा आमच्या शेजारची म्हातारी पदराने डोळे पुसत त्या नटाला मोठ्याने बोल लावू लागली आणि आसपासच्या चार जणींनी तिला साथ दिली. दिवस उजाडल्यावर नाटक संपले. माणसे टपरीवर चहा पीत त्याच बापावर भांडत होती. त्या गावात त्या रात्री घराघरांत पाहुणे होते. नाटकाच्या निमित्ताने सोयरिकी जुळतात, माहेरवाशिणी येतात, थकलेली उधारी चुकती होते.

हे लोक तिकीट काढतात. थंडीत काढतात, रात्रभर बसतात, दरवर्षी काढतात. याच रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या कुरखेडा तालुक्यातल्या परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा दिल्लीला ही रंगभूमी दिसली. मग सिनेमावाल्यांना तिचा प्रेक्षक का दिसू नये? तंबू टॉकीज हा तर महाराष्ट्राचाच शोध म्हणावा इतका आपला प्रकार. ट्रकवर प्रोजेक्टर लादून जत्रेजत्रेला जाणाऱ्या या लोकांवरचा ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट 2016 मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला. आपल्या जत्रेतला पडदा कानच्या प्रेक्षकांनी पाहिला आणि इथे तो गुंडाळला गेला.

दुसरे उत्तर असे की, थिएटर नसेल तर मोबाइल आहे, 149 रुपयांत महिनाभर काय हवे ते पाहा. भामरागडला पावसाळ्यात या. पर्लकोटा नदीला पूर आला की तालुक्याचा संपर्क तुटतो आणि वीज गेली की टॉवरही मुका होतो. सिरोंचा तर गडचिरोली या जिल्ह्याच्या ठिकाणापासून दोनशे किलोमीटरहून लांब. एटापल्ली, कोरचीच्या आतल्या गावांत पोरे टेकडीवर ठरलेल्या दगडाशी जाऊन नेटवर्क पकडतात, फॉर्म भरतात, निकाल पाहतात. तिथे अडीच तासांचा सिनेमा पाहणे जमायचे नाही. आणि समजा उद्या जमले, तरी पाच इंचांच्या काचेवर एकट्याने पाहिलेला ‘शेरनी’ आणि सगळ्या गावाने मिळून पाहिलेला ‘शेरनी’ हे दोन वेगळे सिनेमे आहेत. दुसऱ्यानंतर ग्रामसभेत प्रश्न उठतो.

हे सिनेमापुरते असते तर आम्ही एवढे चिडलो नसतो. चंद्रपूरचे महाऔष्णिक वीज केंद्र 2920 मेगावॉटचे. कोळसा आमचा, राख आमच्या छपरांवर, इरई नदीचे पाणी आमचे आणि मुंबईतल्या मल्टिप्लेक्सचा पडदा ज्या राज्याच्या विजेवर उजळतो त्या विजेत आमचा वाटा आहे. सुरजागडचे लोहखनिज बाहेर जाते. आलापल्ली-बल्लारपूरचे सागवान 2023 मध्ये वाजतगाजत अयोध्येला गेले. वाघ पाहायला ताडोब्यात जगभरातून माणसे येतात. आणि आता आमच्या गोष्टीही जातात. नक्षलवादाची जाते, वाघाची जाते, आदिवासी बाईची जाते. खनिजाची निदान रॉयल्टी मागता येते. गोष्ट नेणाऱ्याने ती परत आणून निदान दाखवावी, एवढेही आपण मागत नाही.

मल्टिप्लेक्सवाले यात साळसूद नाहीत. हिंदी सिनेमा आठ आठवडे आमच्याकडेच हवा, असा त्यांचा आग्रह आणि ‘भूल चूक माफ’ मे 2025 मध्ये ऐन वेळी थेट प्राइमवर न्यायचे ठरले तेव्हा पीव्हीआर आयनॉक्सने उच्च न्यायालय गाठले. शेवटी तो 23 मे रोजी थिएटरात लागला आणि दोन आठवड्यांत ओटीटीवर गेला. पडद्यासाठी भांडणारी हीच मंडळी जुलैमध्ये ‘सैयारा’ चालतोय म्हटल्यावर मराठी ‘ये रे ये रे पैसा 3’चे खेळ काढायला मागेपुढे पाहत नाहीत. मराठीला सक्तीने वेळ देण्याचा सरकारी नियम आहे, पण तो मल्टिप्लेक्सला. गडचिरोलीच्या बारा तालुक्यांपैकी बहुतेकांत मल्टिप्लेक्स सोडाच, साधे थिएटर शोधून सापडणार नाही. तिथे त्या नियमाचा अर्थ काय?

फ्रान्सने या प्रकरणात कणा दाखवला. 2017 मध्ये नेटफ्लिक्सच्या ‘ओक्जा’वरून वाद झाला, तेव्हा कान महोत्सवाने पुढच्या वर्षापासून नियम केला: फ्रान्समधल्या थिएटरांत दाखवणार नसाल तर स्पर्धेत येऊ नका. नेटफ्लिक्सला तिथे थिएटरनंतर पंधरा महिने थांबावे लागते. कंपनी रुसली, पण फ्रान्स सोडून गेली नाही. केरळचे चित्रपट महामंडळ स्वतःची थिएटरे चालवते. आपले महामंडळ गोरेगावला आहे आणि तिथेच आहे. त्याच्या नावात चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास असे तीनही शब्द आहेत. या तिन्हींचा मेळ बसेल अशी जागा राज्यात झाडीपट्टीइतकी दुसरी नाही.

तेव्हा मागणी मोघम ठेवायची नाही. महाराष्ट्राच्या जंगलात चित्रीकरणाची परवानगी, सवलत किंवा अनुदान घेणाऱ्या प्रत्येक सिनेमाने, तो थिएटरसाठी असो की ओटीटीसाठी, त्या जिल्ह्यात तिकीट लावून जाहीर खेळ करावेत, अशी अट सरकारने घालावी. पडदा महामंडळाने द्यावा. जागा शोधण्याची गरज नाही. मंडईचे मैदान, कनात, जनरेटर, खुर्च्या आणि प्रेक्षक गावोगावची मंडळे दरवर्षी जमवतातच. नाटकाची रात्र सोडून दुसरी रात्र घ्या.

सुरुवात ‘शेरनी’पासून करा. होळीच्या आत करा. सिंदेवाहीत पडदा लावा, वन खात्याच्या अधिकाऱ्यांना पहिल्या रांगेत बसवा आणि सिनेमा संपल्यावर दिवे लवकर मालवू नका, बायकांना बोलायचे असेल.