यादीतून गळलेलं नाव

मुंबई इंडियन्सने १५ डिसेंबर २०२३ रोजी रोहित शर्माच्या जागी हार्दिक पंड्याला कर्णधार नेमले. त्या संध्याकाळी आमच्या शिरपूर जैनच्या चहाच्या टपरीवर सुतक पडले होते. पाच विजेतेपदे मिळवून देणाऱ्याची अशी बोळवण?

मला अजित वाडेकर आठवले. ते स्टेट बँकेतले, त्यामुळे आम्हा बँकवाल्यांना जरा अधिकच जवळचे. १९७१ मध्ये विजय मर्चंट यांच्या निर्णायक मताने पतौडींचे कर्णधारपद गेले आणि ते वाडेकरांकडे आले. त्याच वर्षी त्यांनी वेस्ट इंडीज आणि इंग्लंड, दोन्हीकडे मालिका जिंकल्या. १९७४ मध्ये इंग्लंडमध्ये ३-० असा पराभव झाला आणि पश्चिम विभागाच्या संघातूनही त्यांचे नाव गळाले. त्यांनी निवृत्तीच पत्करली.

माणसे बदलण्याचा अधिकार समितीला असतो, मालकालाही असतो. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण २०२४ मध्ये वानखेडेवर प्रेक्षकांनी आपल्याच कर्णधाराची हुर्यो उडवली आणि संघ गुणतक्त्यात तळाला गेला. त्यात हार्दिकचा बिचाऱ्याचा काय दोष?

माझ्या नोकरीत एकदा बदलीची ऑर्डर शिपायाने टेबलावर आणून ठेवली. साहेब शेजारच्याच केबिनमध्ये होते. बदली रास्तच होती. वर्षभराने तेच साहेब नव्या शाखेत पुन्हा माझे वरिष्ठ म्हणून आले. एका कर्जप्रकरणात मला शंका होती. बोललो नाही, सही तेवढी केली. ते कर्ज बुडाले.