‘कायमस्वरूपी’ हा शब्द खोडा



प्राथमिक स्मृती व दुय्यम स्मृती यांतील फरक लिहा, हा प्रश्न तुमच्या ओळखीचा असेल. उत्तरही तोंडपाठ असते. पहिली तात्पुरती, दुसरी कायमस्वरूपी. आमचे म्हणणे असे की, या उत्तरातला पहिला शब्द बरोबर आहे, दुसरा मात्र शिक्षकांनी लाल शाईने खोडावा.

प्रथम तात्पुरत्या स्मृतीकडे, म्हणजे रॅमकडे पाहू. संगणक सारे काही ० आणि १ या दोन अंकांत लिहितो. अशा एका अंकाला बिट म्हणतात. ‘क’ हे एकच अक्षर आज सर्वत्र रूढ असलेल्या यूटीएफ-८ पद्धतीत लिहायचे तर ३ बाइट, म्हणजे २४ बिट लागतात. संगणकाच्या मुख्य रॅममध्ये प्रत्येक बिटासाठी एक ट्रान्झिस्टर व एक अतिसूक्ष्म धारित्र असते. धारित्रात विद्युत्प्रभार असला तर १, नसला तर ०. परंतु हे धारित्र म्हणजे गळके भांडेच! त्यातला प्रभार झिरपून जातो. म्हणून साधारणपणे दर ६४ मिलिसेकंदांच्या आत प्रत्येक कप्पा वाचून पुन्हा भरावा लागतो. म्हणजे तुमचा ‘क’ एका सेकंदात पंधरा वेळा तरी नव्याने लिहिला जातो. वीज गेली की भरणे थांबते आणि अक्षर पुसले जाते.

आता ‘कायमस्वरूपी’ साठवणीकडे वळू. हार्ड डिस्कमध्ये फिरत्या तबकडीवर चुंबकीय द्रव्याचा पातळ थर असतो. त्यावरील चिमुकल्या ठिपक्यांच्या चुंबकनाची दिशा म्हणजे तुमची माहिती. १९५६ साली आयबीएम कंपनीने अशी पहिली डिस्क विक्रीस आणली. तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि तीत सुमारे ५० लाख अक्षरे मावत. वीज गेली तरी चुंबकन टिकते, हे खरे. पण मोटार झिजते, आणि तबकडीपासून केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी अंतरावर तरंगणारे वाचनशीर्ष तिच्यावर आपटले तर थर खरवडला जातो.

पेनड्राइव्ह व मोबाइलचे कार्ड यांत हलणारा भाग नाही. तेथे इलेक्ट्रॉन निरोधक थरांच्या आत कोंडून ठेवलेले असतात. मात्र प्रत्येक वेळी पुसताना-लिहिताना हा थर थोडा खराब होतो, आणि कोंडलेले इलेक्ट्रॉनही वर्षानुवर्षांत हळूहळू निसटतात. उष्णतेने तर अधिकच लवकर. (पेनड्राइव्ह खसकन उपटणाऱ्यांसाठी एक सूचना: ‘सेव्ह’ केलेली माहिती काही क्षण रॅममध्येच रेंगाळलेली असू शकते.)

याहून मोठा धोका वेगळाच आहे. इंग्लंडमध्ये १०८६ साली जमीनजुमल्याची मोठी नोंदवही तयार झाली. तिला ‘डूम्सडे बुक’ म्हणतात. तिला ९०० वर्षे झाली म्हणून बीबीसीने १९८६ साली देशाची नवी नोंद केली. दहा लाखांहून अधिक लोकांनी, त्यांतही बहुतांशी शाळकरी मुलांनी, आपल्या गावांची माहिती लिहून पाठविली. ती सर्व लेसर तबकड्यांवर साठविली गेली. पुढे काय झाले? तबकड्या शाबूत होत्या, पण त्या वाचणारी यंत्रेच बाजारातून गेली! सोळा वर्षांनी, २००२ साली, संशोधकांना त्या जुन्या संगणकाची नक्कल करणारी आज्ञावली रचून ती माहिती सोडवावी लागली. चर्मपत्रावरची १०८६ ची वही मात्र तोवर वाचता येतच होती.

काही जण म्हणतील, मग कागदच बरा. आम्हांस ते मान्य नाही. कागदाला वाळवी लागते, आणि संगणकीय माहितीची हुबेहूब प्रत क्षणात निघते, हा तिचा फार मोठा गुण आहे. म्हणूनच शाळेत फरक लिहिण्याऐवजी प्रती राखण्याचे काम शिकवावे. शाळेच्या वार्षिक अंकाच्या तीन प्रती काढाव्यात, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर ठेवाव्यात, त्यांतली एक शाळेच्या इमारतीबाहेर असावी. दर जूनमध्ये नववीच्या वर्गाने त्या उघडून पाहाव्यात आणि तारीख वहीत नोंदवावी. यास फार तर एक तास लागेल.

सुरुवात या महिन्यातच करता येईल. शाळेच्या कपाटातले सर्वांत जुने हस्तलिखित व सर्वांत जुनी सीडी बाहेर काढा. सीडी लावून पाहण्याचे यंत्र शाळेत शिल्लक आहे का, याची चौकशी आधी करा.