गाईडमधली नदी

परवा पुतणीने बी.ए. पहिल्या वर्षासाठी लिहिलेला निबंध दाखवला. त्यात नदी खळखळत, गाणी गात वाहत होती. आणि आमचं घर जुन्या शहरात, मोर्णेजवळ! "अगं, ही कुठली नदी?" "गाईडमधली, काका."

मग २०१८च्या मोर्णा स्वच्छता मोहिमेची एक बातमी काढली. दर परिच्छेदाला विचारायचं, हा काय म्हणतो आणि कशावरून? जलकुंभी काढल्याचं होतं. ती परत का येते, ते नव्हतं. "नाल्यांचं पाणी," ती म्हणाली आणि लिहायला बसली.

पहिल्या वर्षाला एवढंच शिकवा ना! याच अकोल्यात शिकलेले आगरकर १८७५ साली डेक्कन कॉलेजात गेले, तेव्हा वर्तमानपत्रांत लेख लिहून खर्च भागवायचे. (गाईड नव्हतं बिचाऱ्यांकडे!) पुतणीला मार्क कमी पडले तर भांडायला मी जाईन.