हंगामाच्या मध्यावर संघाची पारख

सामना संपून गडी परतले कीं, "कोण जिंकलें?" हा एकच प्रश्न गांवच्या पारापासून शाळेच्या वर्गापर्यंत सर्वत्र विचारला जातो. हंगामाच्या शेवटीं हा प्रश्न योग्यच होय. कारण ढाल एकालाच मिळावयाची असते व ती जिंकणाऱ्यास मिळते. परंतु हंगाम अर्धा झाला असतां, कांहीं सामने खेळून झाले व तितकेच उरले अशा वेळीं, हाच प्रश्न आपणांस वारंवार फसवितो असें माझें मत आहे. तें विद्यार्थिमित्रांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडण्याचें आज योजिलें आहे.

खेळांतील महत्त्वाचे निर्णय मध्यावरच घेतले जातात. कोणास खेळवावें, कोणास बसवावें, कर्णधार ठेवावा कीं बदलावा, हें सर्व तेव्हांच ठरतें. ह्या निर्णयांवर केवळ ढाल अवलंबून नसते. आपल्या राज्यांत क्रीडास्पर्धांतील कामगिरीबद्दल दहावी-बारावीच्या परीक्षेंत सवलतीचे गुण मिळतात, व शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठीं 5 टक्के जागा राखीव ठेविल्या जातात. तालुक्याच्या संघांतून वगळलेला मुलगा जिल्ह्यास जात नाहीं, आणि जिल्ह्यास न गेलेला पुढें कोठेंच जात नाहीं. राणीसावरगांवासारख्या ठिकाणच्या मुलास अशी संधि वर्षांतून एकदांच येते. ती कोणाच्या तरी मनाच्या लहरीवर किंवा कालच्या सामन्याच्या आठवणीवर जावी, हें बरें नव्हे.

मग पारख कशी करावी? ह्या बाबतींत बास्केटबॉल ह्या खेळानें इतर खेळांस पुष्कळ शिकविलें आहे. डिसेंबर 1891 मध्यें अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड येथें यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशनच्या शिक्षणसंस्थेंत जेम्स नेस्मिथ नामक शिक्षकानें हिवाळ्यांत घराच्या आंत खेळतां यावा म्हणून हा खेळ रचला. नेस्मिथ हे मूळचे कॅनडाचे व धर्मशास्त्र शिकलेले. पीच नांवाच्या फळांच्या दोन टोपल्या सज्जाच्या कठड्यास अडकविल्या, 13 नियम लिहून भिंतीस लाविले, व एकेका बाजूस 9 जण घेऊन खेळ सुरू झाला. पहिल्या सामन्यांत संबंध वेळांत एकदांच चेंडू टोपलींत पडला, निकाल 1-0! तेव्हां मोजणी करण्यासारखें विशेष कांहीं नव्हतेंच. (पुढें नेस्मिथ कॅन्सस विद्यापीठाच्या संघाचे शिक्षक झाले. तेथें त्यांच्या संघानें 55 सामने जिंकले व 60 हरले. खेळाचा जनकच पराभवांच्या बाजूस झुकलेला, ही गंमत क्रीडाशिक्षकांनीं जरूर लक्षांत ठेवावी.)

आज त्याच खेळांत एकेक संघ 80, 90, 100 गुण करतो, आणि येथेंच बेरजेचा मोह सुरू होतो. समजा, एका संघानें 80 गुण केले व दुसऱ्यानें आपल्या सामन्यांत 66 केले. पहिला श्रेष्ठ असें कोणीहि म्हणेल. पण पहिला संघ धावत खेळणारा. त्याच्या हातीं चेंडू 80 वेळां आला. दुसरा संथ, त्यास 60 च वेळां चेंडू मिळाला. पहिल्यानें दर ताब्यामागें 1 गुण मिळविला, दुसऱ्यानें 1.1. म्हणजे हातीं आलेल्या संधीचें चीज दुसऱ्यानें अधिक केलें. ह्यासच कार्यक्षमतेचा आकडा म्हणतात. ताबे मोजण्याची ढोबळ रीति अशी: टोपलीकडे केलेल्या फेकी घ्याव्या, त्यांतून आपल्याच फसलेल्या फेकीवर पुन्हां हस्तगत केलेले चेंडू वजा करावे, हातचे घालविलेले चेंडू मिळवावे, आणि मुक्त फेकींच्या संख्येस 0.44 नें गुणून तेंहि मिळवावें. मुक्त फेकी बहुधा दोन-दोन मिळतात, पण कांहीं वेळां टोपली झाल्यावर एकच जादा मिळते, म्हणून अर्ध्याहून किंचित् कमी असा हा गुणक धरतात. डीन ऑलिव्हर ह्यांनीं 2004 सालीं ह्या विषयावर ग्रंथ लिहिल्यापासून ही दृष्टि फार रूढ झाली.

आमच्या इकडे मात्र बास्केटबॉलच्या फळ्या व कडीं उभारण्याइतका पैसा फारशा शाळांपाशीं नाहीं. कबड्डीस चुन्याच्या रेघा पुरतात. आणि मौज अशी कीं, बास्केटबॉलमध्यें जें आंकडेमोड करून काढावें लागतें, तें कबड्डीच्या नियमांनींच आयतें दिलेलें आहे. येथें चढाई हाच ताबा. ती 30 सेकंदांची, आणि आळीपाळीनें होणारी; म्हणून दोन्ही संघांच्या चढाया जवळजवळ सारख्याच भरतात. पूर्वी ज्यास हुतूतू म्हणत, त्या खेळाच्या नियमकर्त्यांच्या मनांत संख्याशास्त्र खचित नसेल. पण त्यांनीं मोजणाऱ्याचें काम सोपें करून ठेविलें आहे.

एक कल्पित सामना घेऊं. आपल्या संघानें 30 चढाया केल्या. त्यांत 18 गुण मिळविले, व आपले चढाईपटू पकडले गेल्यानें 10 गुण दिले. प्रतिपक्षाच्या 30 चढायांत आपण पकडी करून 12 गुण घेतले, पण 15 दिले. निकाल 30-25, आपण जिंकलों, ढोल वाजले. पण वही काय सांगते? आपल्या चढायांवर 8 गुणांचा नफा व बचावांत 3 गुणांचा तोटा. घर एका भिंतीवर उभें आहे. पुढल्या सामन्यांत ती एक भिंत अडखळली, म्हणजे लोक म्हणतील, "काल चांगला खेळणारा संघ आज एकाएकीं बिघडला." एकाएकीं कांहीं बिघडलेलें नसतें, बचाव पहिल्यापासूनच गळत होता, विजयाच्या आनंदांत कोणी तें पाहिलें नाहीं.

हें केवळ कल्पनेंतलें नव्हे. प्रो कबड्डीच्या दहाव्या हंगामांत (2023-24) प्रत्येक संघ साखळींत 22 सामने खेळला. पुणेरी पलटण 17 जिंकून 96 गुणांनीं पहिली आली; जयपूर पिंक पँथर्स 16 जिंकून 92 गुणांनीं दुसरे. तक्त्यांत अंतर अवघें 4 गुणांचें. परंतु मैदानावर मिळविलेले व दिलेले गुण ह्यांचा फरक पाहिला तर पुण्याचा 253 व जयपूरचा 141. म्हणजे पुण्याची आघाडी दर सामन्यास सरासरी साडेअकरा गुणांची व जयपूरची सुमारें साडेसहाची. ह्या दोहोंत तक्ता दाखवितो त्याहून मोठें अंतर होतें. अखेरीस 1 मार्च 2024 रोजीं पुण्यानें हरियाणा स्टीलर्सचा 28-25 असा पराभव करून अजिंक्यपद मिळविलें.

त्याच हंगामांत तेलुगू टायटन्सचा कर्णधार पवन सेहरावत ह्यानें चढायांत 200 हून अधिक गुण मिळविले. आणि त्याचा संघ 22 पैकीं 2 सामने जिंकून तळाशीं राहिला. ज्यांस आपल्या मुलाच्या एकट्याच्या गुणांची बेरीज तोंडपाठ असते, त्या पालकांनीं ह्या उदाहरणाकडे क्षणभर पाहावें. त्या गड्याचा पराक्रम खोटा नव्हता. पण एकाच्या बेरजेवरून संघाची प्रकृति समजत नाहीं. उलट पुण्याच्या मोहम्मदरझा शादलू ह्या इराणी गड्याचें नांव त्या हंगामांत पकडींच्या यादींत सर्वांत वर होतें. ज्या कामास आपल्याकडे टाळ्या कमी पडतात, तेंच काम!

आतां दुसरी बाजू. आकड्यांचे भक्त माझ्या ह्या लिखाणानें फार हर्षित होऊं नयेत. वर सांगितलेला हरियाणाचा संघ साखळींत 13 सामने जिंकला होता, पण त्याचा गुणफरक उणे 13 होता. मिळविले त्याहून दिले अधिक. आकड्यांवर विसंबणारा म्हणाला असता, हा संघ दैवानें वर आलेला आहे, पुढें टिकणार नाहीं. तो उपांत्य फेरींत जयपूरला हरवून अंतिम सामन्यास पोंचला, व पुढच्याच हंगामांत, डिसेंबर 2024 मध्यें, अजिंक्य ठरला. पुण्याचें तर ह्याच्या उलट झालें. अकराव्या हंगामाचा आरंभ पुण्यानें ह्याच हरियाणाला हरवून केला; परंतु कर्णधार अस्लम इनामदार ह्यास गुडघ्याची दुखापत होऊन तो हंगामाला मुकला, आणि गतविजेता संघ आठव्या स्थानीं राहून बाद फेरीबाहेर गेला. हंगामाच्या मध्यावर कोणी आरंभीच्या सामन्यांची सरासरी काढली असती, तर ती ज्या संघाची निघाली असती, तो संघ त्या दिवशीं अस्तित्वांतच नव्हता. सरासरी नेहमीं मागें पाहते. गडी कोण उभे आहेत हें मैदानावर जाऊनच पाहावें लागतें.

कबड्डीच्या आकड्यांत आणखीहि खांचखळगे आहेत. आघाडीवर असलेला संघ शेवटच्या मिनिटांत मुद्दाम रिकाम्या चढाया करतो. वेळ काढणें हाच त्या वेळीं शहाणपणा. पण वहींत त्याची दर चढाईची सरासरी उतरते, व चतुर संघ सुस्त दिसतो. बचावाकडे तीन किंवा त्याहून कमी गडी असतां केलेल्या पकडीस एक जादा गुण मिळतो. त्यामुळें ज्याचे गडी वारंवार बाद होतात, त्याच संघाच्या पकडींचे गुण कधीं फुगलेले दिसतात. तें बळाचें चिन्ह नसून दुर्बळतेची भरपाई असते. सहा किंवा सात बचावपटू उभे असतांच बोनस रेषेचा गुण घेतां येतो. म्हणजे ज्या संघाचे गडी टिकून राहतात, त्याच्याविरुद्ध बोनस अधिक जातात. प्रतिपक्ष कोण होता, हेंहि लिहून ठेवलें पाहिजे. दुबळ्या तीन संघांस लोळविणाऱ्याची सरासरी डोळे दिपविते.

एकेका गड्याची पारख करतांना तर फारच जपावें. समजा, एकानें 12 चढायांत 9 गुण घेतले व तो 6 वेळां पकडला गेला. दुसऱ्यानें 6 चढायांत 5 गुण घेतले व तो एकदांच पकडला गेला. बेरजेनें पहिला मोठा; हिशेबानें दुसरा. कारण पकडला गेलेला गडी एक गुण तर देतोच, शिवाय संघाचा दुसरा गुण होईपर्यंत बाहेर बसतो. पण थांबा! लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्यावर तिसरींत गुण घ्यावाच लागतो, नाहीं तर गडी बाद होतो. अशा कठीण वेळीं दर वेळेस पहिल्यालाच पाठविलें असेल, तर त्याच्या सहा पकडींचा दोष त्याच्या माथीं मारणें अन्याय होईल. म्हणून वहींत "तिसरी चढाई" असा निराळा रकाना हवा.

आमच्या कित्येक वयोवृद्ध खेळाडूंचें म्हणणें असें कीं, खेळ आकड्यांत मावत नाहीं. तें मला मान्य आहे. पण आकडे नसले म्हणजे खेळ नीट दिसतो असेंहि नाहीं. तेव्हां ओरडणाऱ्याचें मत चालतें, किंवा ज्याचा बाप मैदानाच्या कडेला उभा असतो त्याचें. शुभवर्तमानांतील गरीब विधवेची गोष्ट आपल्या शाळेंतील प्रत्येक मुलास ठाऊक आहे. तिनें टाकलेलीं दोन क्षुद्र नाणीं धनिकांच्या दानांहून अधिक ठरलीं, कारण तेथें बेरीज न पाहतां जवळ किती होतें व त्यांतून किती दिलें हें पाहिलें गेलें. त्याच पवित्रशास्त्रांत दाविदानें केलेल्या शिरगणतीची कथाहि आहे, आणि ती राजास फार महाग पडली. मोजणें पुण्य कीं पाप, हें कशासाठीं मोजतों त्यावर ठरतें.

शेवटीं व्यवहाराचें बोलूं. एका सामन्यांतल्या 30 चढायांवरून कोणताहि निकाल देऊं नये. ज्या संघाच्या दहांत चार चढाया यशस्वी होतात, त्याच्या 30 पैकीं 12 व्हाव्या. पण त्या 9 किंवा 15 झाल्या तर तें नुसत्या योगायोगानेंहि घडूं शकतें. पांच सामन्यांच्या 150 चढाया जमल्या म्हणजे योगायोगाचा वांटा पुष्कळ घटतो. हंगामाचा मध्य म्हणजे बहुधा हीच वेळ.

ह्यास यंत्र नको, पैसा नको. दोन आण्यांच्या वहीचे दिवस गेले हें खरें, तरी शंभर पानी वही अजून कोणत्याहि दुकानीं मिळते. डाव्या पानावर आपल्या चढाया, उजव्या पानावर त्यांच्या. प्रत्येकीपुढें कोण गेला, काय मिळालें, काय गेलें, तिसरी होती कीं नव्हती, आणि समोर किती गडी उभे होते. लिहिण्यास राखीव गड्यांपैकीं एकास बसवावें. त्याचें लक्ष खेळावरून हलत नाहीं, व आपणांस कां बसविलें हें कोणी न सांगतां त्यास कळूं लागतें. मुलींच्या संघासाठींहि अशीच वही हवी; त्यांचे सामने तर आपण पाहतहि नाहीं, मग आठवणार काय? सामन्याच्या दुसऱ्या दिवशीं ती वही वर्गांत उघडी ठेवावी, आणि कर्णधारास बोल लावण्यास येणाऱ्या प्रत्येकास, तो शिक्षक असो वा पालक, आधीं त्या दिवसाचें पान वाचावयास द्यावें.